पोटॅशियम: अहवालातल्या एका आकड्यामागचे शरीर

शिवडीकर

उन्हाळा सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीच्या गटावर एक संदेश फिरतो आहे. रक्तदाब असणाऱ्या प्रत्येकाने रोज दोन शहाळी प्यावीत, दोन केळी खावीत आणि घरातले नेहमीचे मीठ बंद करून कमी सोडियमचे मीठ आणावे, असे त्यात सुचवले आहे. यातला कोणताही सल्ला निखालस खोटा नाही आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. जो सल्ला एका माणसाच्या रक्तवाहिन्यांना उपकारक ठरतो, तोच शेजारच्या घरातल्या माणसाला अतिदक्षता विभागात पोचवू शकतो, आणि या दोघांमधला फरक वरवर पाहून ओळखता येत नाही. परळ भागातल्या एका रुग्णालयाच्या जीवरसायन विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. पोटॅशियमचा आकडा रोज हाताखालून जात असे, त्यामुळे या मूलद्रव्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

सुमारे 70 किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 140 ग्रॅम पोटॅशियम असते. त्यापैकी जवळजवळ 98 टक्के पेशींच्या आत, आणि त्यातही मुख्यतः स्नायूंमध्ये, साठलेले असते. रक्तद्रवासह पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात मिळून जे उरते ते जेमतेम 2 टक्के. पेशीच्या आत त्याचे प्रमाण लिटरला 140 ते 150 मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), तर रक्तद्रवात 3.5 ते 5 मिलिमोल एवढेच असते. सोडियमचे अगदी उलट आहे. ते बाहेर भरपूर आणि आत थोडे असते. आपण प्रयोगशाळेत पैसे भरून जो आकडा आणतो, तो या 2 टक्क्यांबद्दल बोलतो, उरलेल्या 98 टक्क्यांबद्दल तो थेट काहीच सांगत नाही.

आत आणि बाहेर एवढा फरक आपोआप टिकत नाही. पेशीपटलात बसवलेले एक प्रथिन सतत ऊर्जा खर्च करून 3 सोडियम आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकते आणि 2 पोटॅशियम आयन आत ओढून घेते. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना हे प्रथिन ओळखले आणि 1957 साली प्रसिद्ध केले. त्याबद्दल त्यांना 1997 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीर खर्च करत असलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा, कदाचित त्याहून थोडा अधिक, या पंपावर जातो आणि मेंदूत हे प्रमाण याहून पुष्कळ मोठे असते. एवढा खर्च शरीर उगाच करणार नाही.

आत ओढलेले पोटॅशियम पेशीपटलातल्या अतिसूक्ष्म वाटांनी थोडे थोडे बाहेर झिरपत राहते आणि त्या झिरपण्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित होते. मज्जापेशीत हा फरक सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट, तर हृदयाच्या स्नायुपेशीत सुमारे उणे 90 मिलिव्होल्ट असतो. विचार, स्पर्श, पापणीची हालचाल, हृदयाचा ठोका या सगळ्यांची सुरुवात या विद्युतभारातल्या क्षणिक बदलाने होते. या वाटा सोडियमला अडवतात आणि पोटॅशियमला सोडतात, वास्तविक सोडियमचा आयन आकाराने लहान असतो. हे कसे घडते याचा उलगडा रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली अशा एका वाटेची अणुपातळीवरची रचना दाखवून केला आणि त्यांना 2003 चे नोबेल मिळाले. मोठ्याला वाट द्यायची आणि धाकट्याला अडवायचे, हे निसर्गाने इतक्या नेमकेपणाने साधले आहे की त्याविषयी वाचताना मला आजही तितकेच नवल वाटते.

आता व्यवहाराकडे येतो. हा विद्युतभार आतल्या आणि बाहेरच्या प्रमाणाच्या गुणोत्तरावर ठरतो. आतल्या 140 मध्ये 2 मिलिमोलची भर पडली तर काही बिघडत नाही, पण बाहेरच्या 4 चे 6 झाले तर गुणोत्तर पार बदलते. म्हणूनच रक्तातला छोटासा बदलही हृदयाला जाणवतो. एका जेवणाचा हिशेब करून पाहू. मोठी वाटी आमटी, बटाट्याची भाजी, पालेभाजी, टोमॅटोची कोशिंबीर, एक केळे आणि वर शहाळ्याचे पाणी, एवढ्यातून साधारण 40 मिलिमोल, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात जाऊ शकते. पेशींबाहेरचे पाणी असते सुमारे 14 लिटर. ते सगळे पोटॅशियम तिथेच राहिले, तर पातळी जवळजवळ 3 मिलिमोलने वाढून 4 वरून 7 वर जाईल आणि जेवण प्राणावर बेतेल. तसे होत नाही, कारण जेवणाबरोबर स्रवणारे इन्सुलिन साखरेप्रमाणेच पोटॅशियमलाही स्नायू आणि यकृताच्या पेशींत ढकलते. पुढच्या काही तासांत मूत्रपिंडे जादा भाग लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारे अल्डोस्टेरोन हे संप्रेरक मूत्रपिंडांना ते काम करायला लावते. निरोगी माणसात रोज बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे 90 टक्के लघवीतून आणि उरलेले मुख्यतः शौचातून जाते.

म्हणजे पेशींनी तात्पुरते पोटात घ्यायचे आणि मूत्रपिंडांनी कायमचे बाहेर टाकायचे, अशी ही दोन टप्प्यांची व्यवस्था आहे. पहिला टप्पा मधुमेहात आणि दुसरा मूत्रपिंडाच्या विकारात किंवा काही औषधांमुळे ढिला पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी आहारातून दिवसाला किमान 3510 मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावे असे सुचवते आणि आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा आकडाही 3500 च्या जवळपास आहे. ही शिफारस ज्यांचे दोन्ही टप्पे शाबूत आहेत त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पोटॅशियम वाढवावे की कमी करावे, हा प्रश्न आपले मूत्रपिंड आणि आपली औषधे यांची माहिती घेतल्याशिवाय कोणी सोडवू नये, आणि दुसऱ्याच्या वतीने तर मुळीच सोडवू नये.

समुद्रपक्षी

लेख आवडला. एक शंका आहे. माझ्या आईचे वय 68 आहे आणि मूत्रपिंडाचा कोणताही विकार नाही. गेल्या महिन्यात घरी येऊन रक्त नेले तेव्हा अहवालात पोटॅशियम 6.1 आले आणि आम्ही सगळे घाबरून गेलो. डॉक्टरांनी हृदयालेख (ईसीजी) काढला, तो व्यवस्थित होता, आणि लगेच पुन्हा रक्त घ्यायला लावले तर 4.4 आले. एवढा फरक एका दिवसात कसा पडतो? प्रयोगशाळेचा निष्काळजीपणा म्हणायचा का?

शिवडीकर

समुद्रपक्षी, तुमच्या आईच्या शरीरात त्या दिवशी काही बदलले नसावे. जे बदलले ते नळीत बदलले असावे. तांबड्या रक्तपेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेले असते. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढले, नळी जोरात हलवली किंवा धक्के खात नेली, तर काही पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम द्रवात उतरते. असा नमुना यंत्रावर फिरवून वेगळा केला की वरचा द्रव पिवळसर दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसतो. आमच्या विभागात नमुना गुलाबी दिसला की पोटॅशियमचा आकडा द्यायचा नाही आणि रक्त पुन्हा मागवायचे, असा नियम होता.

पेशी न फुटताही आकडा वाढू शकतो. दंडाला रबरी पट्टा बांधून 'मूठ उघडझाप करा' असे सांगितले जाते, तेव्हा हाताचे स्नायू पोटॅशियम सोडतात आणि ते नेमके त्याच शिरेत येते. रक्त वेळेवर वेगळे न करता शीतकपाटात ठेवले, तर वर लिहिलेला पंप थंडीने मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत राहते. पुष्कळांना वाटते की थंड ठेवले म्हणजे नमुना सुरक्षित राहिला, पण पोटॅशियमच्या बाबतीत ते उलटेच आहे. वसई किंवा बदलापूरहून सकाळी घेतलेले नमुने शहरातल्या मुख्य प्रयोगशाळेत दुपारी पोचत असतील, तर ते जागेवरच वेगळे करून पाठवले जातात का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक कारण आहे. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जो क्षार घातलेला असतो तो पोटॅशियमचाच असतो. रक्त कमी पडले म्हणून त्या नळीतले थोडे दुसऱ्या नळीत ओतले, तर पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम अतिशय घटलेले दिसते. ही जोडी एकत्र दिसली की अनुभवी तंत्रज्ञ प्रथम नळीवर संशय घेतो. ज्यांच्या रक्तात बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) फार वाढलेल्या असतात त्यांच्यातही रक्त गोठताना पोटॅशियम सुटते.

तुमच्या डॉक्टरांनी आधी हृदयालेख काढला आणि मग पुन्हा तपासणी केली, हा क्रम अगदी योग्य होता. नमुना सदोष असेल असे गृहीत धरून थांबून राहणे धोक्याचे असते, कारण आकडा खरा निघाला तर वेळ हातात नसतो.

रात्रपाळी

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात औषधवैद्यक विभागात निवासी डॉक्टर आहे. वेळ का नसतो, ते थोडे सांगते. पोटॅशियम वाढलेला रुग्ण पुष्कळदा चालत येतो. अशक्तपणा वाटतो, पाय जड झालेत, एवढीच तक्रार असते आणि काही वेळा तीही नसते. हृदयालेखात प्रत्येक ठोक्याच्या रेषेला पी, क्यूआरएस आणि टी असे भाग असतात. आधी टी तरंग उंच आणि टोकदार होतात, मग पी तरंग चपटे होत नाहीसे होतात, मधला क्यूआरएस भाग रुंदावत जातो आणि शेवटी सगळ्याची मिळून एक वरखाली होणारी लाट बनते. त्यापुढची पायरी म्हणजे हृदय थांबणे. मात्र हा क्रम प्रत्येकात पाळला जाईलच असे नाही, त्यामुळे हृदयालेख चांगला दिसला म्हणून 7 चा आकडा कोणी हलका मानू नये.

उपचाराचा क्रम समजून घेतला तर शिवडीकरांनी लिहिलेली दोन टप्प्यांची व्यवस्था जास्त नीट कळेल. हृदयालेखात बदल दिसत असतील तर सर्वांत आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतो. त्याने पोटॅशियम जराही कमी होत नाही, परंतु हृदयाच्या पेशी काही मिनिटांत स्थिरावतात आणि अर्धा ते एक तास मिळतो. त्या वेळात इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतो. दम्यासाठी वापरतात त्या साल्ब्युटामॉलची वाफ मोठ्या मात्रेत दिली तरी तोच परिणाम होतो. पण हे सगळे घरातले सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवण्यासारखे आहे. ते घराबाहेर काढण्यासाठी लघवी वाढवणारी औषधे, आतड्यात पोटॅशियम पकडून ठेवणारी भुकटी किंवा डायलिसिस यांचाच आधार घ्यावा लागतो.

निरंजनी

माझ्या यजमानांचे गेली काही वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आम्ही लालबागला राहतो. केंद्रात पहिल्या दिवशीच 'शहाळे, केळे, बटाटा, पालेभाजी बंद' असा कागद हातात दिला गेला. पण डाळ खायची की नाही, भाजी कशी शिजवायची, आषाढी एकादशीला काय करायचे, हे कोणी नीट सांगितले नाही. वरणभात खाणाऱ्या माणसाचे वरणच काढून घेतले तर तो जेवणार काय? इथे आहारतज्ज्ञ कोणी असतील तर कृपया लिहावे.

आहारविचार

निरंजनीताई, मी मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांसोबत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. प्रत्येक रुग्णाचे प्रमाण वेगळे असते आणि ते तुमच्या केंद्रातल्या तज्ज्ञांनीच ठरवायला हवे, पण तत्त्व सांगते.

पोटॅशियम पाण्यात विरघळते. त्यामुळे भाजी सोलून बारीक चिरली, भरपूर पाण्यात काही तास भिजवली, ते पाणी ओतून दिले, पुन्हा भरपूर पाण्यात उकडली आणि तेही पाणी टाकून दिले, तर पोटॅशियमचा मोठा भाग निघून जातो. बटाट्यात कच्च्या वजनाच्या 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. तो सालासकट अख्खा उकडला तर फारसे कमी होत नाही, पण पातळ काप करून या पद्धतीने शिजवला तर साधारण निम्म्यावर येऊ शकते. वाफवणे, कुकरमध्ये नेमक्या पाण्यात शिजवणे किंवा तेलावर परतणे यांनी ते भाजीतच राहते. टाकून द्यायचे पाणी सूप किंवा आमटीसाठी वापरले तर सगळी मेहनत वाया जाते. आपल्याकडे पाणी टाकायला जीव होत नाही, भाजीचे सत्त्व गेले असे वाटते, पण या रुग्णांच्या बाबतीत ते जायलाच हवे असते.

डाळ पूर्ण बंद करू नका. डायलिसिसमध्ये प्रथिनांची गरज उलट वाढते. कोरड्या तूरडाळीत पोटॅशियम बरेच असते, पण ती भिजवून, पाणी टाकून, जास्त पाण्यात शिजवून आणि वरचे पाणी काढून घट्ट वरण केले, तर ठरलेल्या मापाची वाटी बहुतेकांना बसते. पांढऱ्या भातात पोटॅशियम अगदी कमी असते. दुधी, पडवळ, कोबी या भाज्या त्यातल्या त्यात सौम्य आहेत. फळांत सफरचंद, नासपती, अननस किंवा थोडी जांभळे चालतात. केळ्यात 100 ग्रॅमला सुमारे 360 मिलिग्रॅम, पेरूत 400 च्या वर आणि खजुरात त्याहूनही पुष्कळ अधिक असते. शहाळ्याच्या एका मोठ्या पेल्यातून 500 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते आणि ते द्रवरूप असल्यामुळे झटकन शोषले जाते. टोमॅटोचे सार, फळांचे रस आणि सुकामेवा यांच्याकडे घरच्यांचे दुर्लक्ष होते.

एकादशीबद्दल तुम्ही विचारलेत ते फार बरे केलेत, कारण उपवासाला आपण कमी खातो अशी समजूत असते. प्रत्यक्षात रताळे, बटाटा, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, खजूर, केळे आणि नारळ हे सगळे पदार्थ पोटॅशियमने भरलेले आहेत. त्यातल्या त्यात साबुदाण्यात ते नगण्य असते, पण खिचडीतले बटाटे आणि दाण्याचे कूट ती उणीव भरून काढतात. डायलिसिस चालू असलेल्या व्यक्तीने उपवास करू नये असेच मी सांगते. मन राखायचे असेल तर भगर आणि दुधीची भाजी थोड्या मापात खावी. सैंधवाविषयीही एक गैरसमज आहे. ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते आणि त्यातले पोटॅशियम किरकोळ असते, त्यामुळे ते साध्या मिठाहून हितकारक नाही.

दोन गोष्टी आणखी. मूत्रपिंडे काम करेनाशी झाली की मोठे आतडे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम वाढवते, म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. आणि करमळ, ज्याला बाजारात कमरक किंवा स्टारफ्रूट म्हणतात, ते एका फोडीइतकेही देऊ नका. त्यात पोटॅशियमखेरीज मेंदूवर परिणाम करणारे एक विषारी द्रव्य असते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते, पण या रुग्णांत न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूही ओढवू शकतो.

निरंजनी

मनापासून आभार. केंद्राला रविवारी सुट्टी असते, त्यामुळे शनिवार ते मंगळवार असे मोठे अंतर पडते. त्या दिवसांत जास्त जपायचे का?

रात्रपाळी

होय, नक्की. आठवड्यातल्या त्या मोठ्या अंतराच्या शेवटी हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त असते, हे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि साठलेले पाणी व पोटॅशियम ही त्यामागची महत्त्वाची कारणे मानली जातात. रविवारी घरी मटण, पाहुणे, आमरस असे काही असेल तर तिथेच हात आखडता घ्या. सोमवारी पाय लुळे वाटले, छातीत धडधडले किंवा विलक्षण थकवा आला, तर मंगळवारची वाट न पाहता रुग्णालयात जा.

मुलुंडवासी

इथे चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक तक्रार नोंदवायची आहे. हे सगळे वाचून निरोगी माणसेही केळे खायला घाबरतील. आपल्या देशात खरा प्रश्न जास्त मीठ आणि कमी भाज्या-फळे हा आहे. चीनमध्ये 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या गावांना 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले होते. जवळजवळ पाच वर्षांत त्या गावांतल्या लोकांना पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाला आणि रक्तातले पोटॅशियम वाढल्यामुळे गंभीर घटना वाढल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली आहे. एवढा पुरावा असताना लोकांना थांबवणे बरोबर आहे का?

शिवडीकर

मुलुंडवासी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. निरोगी माणसाने केळे, डाळी, पालेभाज्या, शहाळे जरूर खावे-प्यावे. आहारातले पोटॅशियम वाढले की मूत्रपिंडे सोडियम अधिक टाकतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. माझा आक्षेप 'प्रत्येकाने' या शब्दाला आहे. त्या अभ्यासात गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम साठवणारी औषधे घेणाऱ्यांना सामील केले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही सशर्तच आहे. गरोदर स्त्रिया, मुले आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशा व्यक्ती तिच्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत.

हिशेब करून पाहा. वरील प्रमाणाच्या 5 ग्रॅम मिठात सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि त्यात साधारण 650 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आपल्या घरांत माणशी मीठ 5 ग्रॅमवर थांबत नाही. लोणचे-पापड वगळले तरी 8 ते 10 ग्रॅम सहज होते, म्हणजे रोज 1000 ते 1300 मिलिग्रॅमची भर पडते. निरोगी मूत्रपिंडाला हे काहीच नाही. पण मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत आणि त्या विकाराची सुरुवातीची वर्षे लक्षणांविना जातात. म्हणजे ज्यांना हे मीठ सर्वाधिक सुचवले जाते, त्यांच्यातच न कळलेला मूत्रपिंडविकार जास्त असतो. चीनमधल्या खेड्यांत तोटा दिसला नाही ही दिलाशाची गोष्ट आहे, मात्र आपल्या शहरात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या अनेक गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्या आहेत. मूत्रपिंडे कशी चालतात हे दाखवणारी क्रिएटिनिनची एक साधी रक्ततपासणी करून आणि डॉक्टरांना गोळ्या दाखवून मग खुशाल मीठ बदलावे. यात कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही.

मुलुंडवासी

क्रिएटिनिन तपासूनच मीठ बदलावे, हे मान्य. ही अट पाकिटावर ठळक अक्षरांत छापली जावी असे मलाही वाटते. डबा एकच असतो आणि स्वयंपाक सगळ्या घराचा असतो. सून सासऱ्यांच्या रक्तदाबासाठी मीठ आणते आणि तेच मीठ मूत्रपिंडाचा विकार असलेल्या सासूच्या ताटातही जाऊ शकते, हे आधी माझ्या लक्षात आले नव्हते.

पहाटधाव

मी मरीन ड्राइव्हवर धावण्याचा सराव करतो. पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा सगळे जण 'पोटॅशियम कमी झाले, केळे खा' असे सांगतात. हे खरे आहे का?

रात्रपाळी

बहुधा नाही. घामातून सोडियम पुष्कळ जाते, पोटॅशियम त्याच्या तुलनेत फारच थोडे. उलट जोरात व्यायाम चालू असताना स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येते आणि रक्तातली पातळी तात्पुरती वाढते. धावताना येणारे गोळे बहुतेक वेळा स्नायू थकल्यामुळे येतात आणि त्या स्नायूला ताण दिला की सुटतात. केळे खायला हरकत नाही, त्यातून ऊर्जा मिळते. मात्र तासन्‌तास धावताना तहान नसताना साधे पाणी लिटरवारी पिऊ नका, त्याने सोडियम घसरते आणि तो धोका गोळ्यांपेक्षा खूप मोठा आहे.

कणाद

थोडी वेगळी माहिती जोडतो. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी 0.0117 टक्के भाग पोटॅशियम-40 या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्यामुळे प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला अशा सुमारे 4 हजार अणूंची विघटने होत असतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शरीरातली किरणोत्सारिता बाहेरून मोजण्याची जी व्यवस्था आहे, तशा उपकरणांत हा संकेत प्रत्येक माणसात दिसतो. त्याच्या मापनावरून शरीरातले एकूण पोटॅशियम, म्हणजेच शिवडीकरांनी लिहिलेले ते न दिसणारे 98 टक्केसुद्धा काढता येतात आणि त्यावरून स्नायूंचे वस्तुमान अजमावता येते. वयानुसार स्नायू घटतात तसा हा आकडाही उतरतो. केळी जास्त खाल्ल्याने किरणोत्सार साठत नाही, कारण जादा पोटॅशियम शरीर टाकूनच देते.

गिरगावकर

सगळी चर्चा वाढलेल्या पोटॅशियमवर चालली आहे. माझ्या वडिलांचे उलट झाले होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी दोन दिवस बेजार झाले. तिसऱ्या दिवशी उठून बसवेना, पोट फुगले आणि पोटॅशियम 2.3 निघाले. शिरेतून देऊनही ते लवकर वर येईना, असे का?

रात्रपाळी

रक्तातली घट ही फक्त दिसणारी घट असते. 2.3 वर येईपर्यंत पेशींतला साठाही शेकडो मिलिमोलने आटलेला असतो, त्यामुळे दिलेले पोटॅशियम आधी पेशी ओढून घेतात आणि रक्तातला आकडा मागे राहतो. ते झपाट्याने देताही येत नाही. नेहमीच्या कक्षात तासाला साधारण 10 मिलिमोलच्या वेगाने, पातळ करूनच देतात, कारण तीव्र द्रावण थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. म्हणूनच या बाटल्या इतर औषधांपासून वेगळ्या ठेवण्याचा दंडक असतो. दुसरे कारण मॅग्नेशियम. तेही कमी असेल तर मूत्रपिंडातून पोटॅशियम गळतच राहते आणि कितीही दिले तरी टिकत नाही. पोट फुगले ते आतड्याचे स्नायू सुस्तावल्यामुळे.

जुलाब सुरू होताच क्षारसंजीवनी (ओआरएस) देणे हा घरी करता येण्याजोगा खरा उपाय आहे. 2002 पासून शिफारस असलेल्या मिश्रणात लिटरला 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे 20 मिलिमोल पोटॅशियम असते. घरी केलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते. आणि अशा आजारात लघवीची गोळी तशीच चालू ठेवायची का, हे पहिल्याच दिवशी फोन करून विचारावे.

समुद्रपक्षी

शेवटची शंका. आईला काल नव्याने टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची औषधे लिहून दिली आहेत. दोन्हींनी पोटॅशियम वाढते असे वाचले. मग तपासणी कधी करावी?

शिवडीकर

दोन्ही औषधे उपयुक्त आहेत, त्यामुळे धास्तीने स्वतःहून बंद करू नका. अशी औषधे सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन साधारण आठवड्याभरात एकदा आणि पुन्हा महिनाभराने पाहतात, तरी नेमकी तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि ट्रायमेथोप्रिम असलेले प्रतिजैविक यांनी पोटॅशियम आणखी वाढते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी ही यादी दाखवा. कमी सोडियमचे मीठ आणि रोजचे शहाळे सध्या नको. या वेळी शक्यतो प्रयोगशाळेत जाऊनच रक्त द्या, मूठ उघडझाप करू नका, आणि अहवालात 5.5 च्या वर काही आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.